पान तीनवरून पुढे

आमच्या घराच्या भिंतींना वर्तमानपत्रं होती.
सेतूबालच्या खाडीवरचा वारा
फळ्यांच्या फटींतून आत शिरू नये म्हणून
बापानं ती पिठाच्या खळीनं चिकटवलेली.
माझ्या उशाशी पान तीन:
वादळात सापडलेलं जहाज, एकोणीस माणसं,
कप्तानानं डोलकाठी तोडायचा हुकूम दिला आणि
पुढील मजकूर पान चारवर.

पान चार घरात कुठेच नव्हतं.
कपाटामागे साबणाची जाहिरात,
दारावर नव्या पोपची निवड,
चुलीपाशी कुणा बाईचा अर्धा चेहरा.
सार्डिनच्या कारखान्याचा भोंगा झाला
की आई हातातलं टाकून पळायची.
मग भिंत आणि मी.
सहा वर्षांचा मी रोज रात्री डोलकाठी तोडायचो
आणि झोपायचो.

अठराव्या वर्षी छापखान्यात लागलो, खिळे जुळवायला.
उलटी अक्षरं इतकी सवयीची झाली
की रस्त्यावरची पाटीच चुकल्यासारखी वाटे.
मग कुणीतरी आजारी पडलं, कुणी लिस्बनला गेलं,
आणि एका संध्याकाळी मीच लिहीत बसलो होतो:
बंदरात आलेली जहाजं, भरती-ओहोटी, मयत.

तेव्हा सगळी पानं आधी कर्नलसाहेबांकडे जायची,
निळ्या पेन्सिलीखालून परत यायची.
एकदा त्यांनी माझ्या तक्त्यातली ओहोटी खोडली.
का, ते विचारायचं नसतं.
त्या दिवशी आमच्या गावात पाणी नुसतं चढत राहिलं.

लुदोविना म्हणायची,
बायकांना नवऱ्याच्या कॉलरवर लाली सापडते,
मला मेली कुणाची तरी मयत सापडते.

पण जड जातात ती सात नावं.
'बोआ ओरा' बुडाली त्या रात्री
धक्क्यावर ऐकली तशी लिहिली.
सातवं बेलार्मीनूचं.
तो मेव्हण्याच्या गोठ्यात पिऊन पडला होता.
दुसऱ्या दिवशी दुरुस्ती दिली:
पान सहा, तळाशी, दोन ओळी,
कंबरपट्ट्यांच्या जाहिरातीखाली.
त्याच्या आईला वाचता येत नव्हतं.
मुलगा वाचला होता, तेवढं तिला पुरलं.
तरी दर वर्षी त्या तारखेला
ती त्याच्या नावानं मेणबत्ती लावायची, त्याच्यासमोरच.
छापून आलंय म्हणजे काहीतरी असेलच, म्हणायची.
आणि तो बेटा कात्रण खिशात घालून
चाळीस वर्षं गुत्त्यागुत्त्यांत हिंडला:
मेलेल्याकडून कसले पैसे घेता?
खराच गेला तेव्हा मी लिहिलं,
'दुसऱ्यांदा निधन'.
संपादकानं 'दुसऱ्यांदा' काढलं.
पोरगा होता, त्याला काय माहीत.

पांढऱ्यावर काळं करण्यात जन्म गेला.

परवा जुनं घर पाडायला काढलं.
उशाशी वाकून, चष्म्यावर भिंग धरून
पान तीन पुन्हा वाचलं
आणि एकदम हसू फुटलं, इतकं मोठ्यानं
की ठेकेदार पहार टाकून आत आला.
एर्मीनियू, गाढवा,
छापखान्यात हयात घालवलीस.
पान चार दुसरं कुठे असणार?
पान तीनच्या पाठीवर.
सत्तर वर्षं, फळीकडे तोंड करून.

ओला फडका लावला. नखानं सोललं.
कागदाचा लगदा झाला, हातातच आला.
पण शाई फळीवर उतरली होती, उलटी.
उलटं मला येतं.
वाळवीनं बहुतेक खाल्लेलं,
एक ओळ तेवढी शाबूत:

वाचलेल्यांची नावे पुढीलप्रमाणे

आणि खाली लाकूड,
दोन-तीन खिळ्यांची भोकं.