पाणी लागू नये म्हणून

बुधवारी सकाळी शेअरचे व्यवहार थांबले.
कंपनीचं एका ओळीचं पत्र : चाचणी चालू आहे, निकाल कळवू.
तेव्हापासून अकरा सेंटांवर गोठलेला आकडा
बेव्ह ट्रँटर, शाळेची बस चालवता चालवता,
दर थांब्यावर फोन काढून बघते.
शेगडीवरचं दूधच ते, नजर हटली की उतू जाईल.

कंपनीला पक्ष्यांची नावं आवडतात.
पहिली विहीर गाला-१. कोरडी. सिमेंट ओतून बुजवली.
ही गाला-२.
साडेतीन किलोमीटर खाली वाळूचा दगड,
त्याच्या बारीक छिद्रांत
कोट्यवधी वर्षं दाबून धरलेला श्वास,
असं माहितीपत्रकात आहे.
डेस हॅलोरनला ते वाक्य पाठ.
चाळीस वर्षं मेंढ्या भादरून त्याची स्वतःची पाठ कामातून गेली,
पण ते वाक्य तो ताठ उभा राहून म्हणतो.

माझे आजोबा डाल्मेशियाहून आले, हट्टी माणूस,
पर्थच्या उत्तरेला चार तासांवर, याच मातीत
त्यांनी तीन विहिरी खणल्या.
एकीला खडक लागला, दुसरीला खार,
तिसरीला काहीच नाही.
या गावात ‘पाणी लागलं’ ही बातमी
लग्न ठरल्यासारखी घरोघर सांगायचे.
आणि आता आम्ही,
बेव्ह, डेस, औषधांच्या दुकानातल्या लियोंगबाई, मी,
साकडं घालतोय उलटं :
पाणी लागू नये.
गॅसच्या विहिरीला पाणी लागलं की संपलं.
वर कुणी ऐकत असेल तर गोंधळला असेल.
तीच माणसं, तीच जमीन,
यांना नक्की हवंय तरी काय?

काल रात्री डेसच्या गाडीतून ज्वाला बघायला गेलो.
फाटकाच्या अलीकडे, सडकेच्या कडेला उभे राहिलो.
डेसने हात लांब केला, अंगठा धरला :
“अर्धा अंगठा. परवा पाव होता.”
बेव्हला ती पिवळी दिसली, लियोंगबाईंना निळी.
एक कांगारू मान वर करून आमच्याकडे बघत राहिला,
मग चरायला लागला.
त्याचे पैसे नव्हते त्यात.
मला माझे पंधरा हजार डॉलर दिसत होते,
जळत होते, आणि जळतायत म्हणून बरं वाटत होतं.

परतताना कुणी बोललं नाही.
लियोंगबाईंनी एवढंच विचारलं,
उद्या दालचिनीचे बन असतील का.
असतील म्हटलं.

एक गोष्ट मी गिळून बसलो होतो.
रिगच्या तळावरचा पाव माझ्या भट्टीतून जातो.
रोज बेचाळीस.
बुधवारी संध्याकाळी फोन आला : शुक्रवारपासून अठरा.
बाई नेहमीसारखीच गोड बोलली.
मी का विचारलं नाही.
दोन रात्री मी तो अठरा मळतोय.
माणसं बदलत असतील.
काम लवकर उरकलं असेल, चांगलं झालं असेल,
चांगल्या बातमीनंतरही माणसं घरी जातातच की.
आणि कळून तरी काय, बाजार बंद,
विकणार कुणाला?
उभ्या जन्मात पहिल्यांदा बातमी
सगळ्यांच्या आधी माझ्या दारात आली,
तर माझे दोन्ही हात पिठात.

आज पहाटे चारला
मी बेचाळीसच भाजले.
अठरा रिगच्या गाडीत चढवले.
चोवीस फळीवर, गरम, एकमेकांना टेकून.

सहाला बेव्ह आली, बस बाहेर सुरूच ठेवून.
“आज पाव फार दिसतायत, आंते.”
“मोजायला चुकलो.”
तिने माझ्याकडे पाहिलं. फळीकडे पाहिलं.
ओठ हलले तिचे, सवयीने, मुलं मोजतात तसे,
चोवीसपर्यंत.
फोन पर्समध्ये टाकला, न बघता.
“चार दे,” म्हणाली.
“डेसलाही लागेल एखादा.”