चौथ्या रांगेतला

ग्रुजोंत्समध्ये पहिल्या नोव्हेंबरला
सगळं गाव दफनभूमीकडे निघतं.
काखेत शेवंतीच्या कुंड्या, पिशवीत काचेचे दिवे,
मुलं मोठ्यांच्या बाह्यांना लोंबकळत.
मी पाचपर्यंत घरीच.
तुझी बहीण हालिना चारला येते,
साडेचारला तिच्या नवऱ्याचे गुडघे कुरकुरतात,
मग ते जातात.
हे वेळापत्रक कुणी ठरवलेलं नाही.
सात वर्षांत अंगवळणी पडलं,
तिच्याही, माझ्याही.

तुला पुरलं तेव्हा मी चौथ्या रांगेत होतो.
"भाडेकरू," पुढे कुणीतरी कुजबुजलं.
एकोणीस वर्षांचा भाडेकरू.
माझी दातखीळ बसली,
कवळ्या घडवणाऱ्याची.

माझं म्हणून एवढंच गेलं तुझ्याबरोबर, व्हितोल्द:
डावीकडची खालची दाढ,
पाच वेळा रंग जुळवून भाजलेली.
तू वैतागलास, तोंडाच्या आत कोण बघणार आहे?
मी बघणार होतो.
जांभई देताना, खोटं बोलताना,
रात्री दोनला, आ वासून घोरताना.
बाकी सगळ्याची माती होईल.
ती दाढ राहील.
हालिनाला ठाऊक नाही. पाद्र्यालाही.

एक्कावन्न लागलं मला.
पाववाली न विचारता अर्धाच पाव कापते.
वसंतात बिद्गोश्चहून एकजण आला होता, राडेक.
भला माणूस. केक आणला होता, खसखशीचा.
दारात बूट काढले त्याने, नेमके तुझ्या जागी.
मी म्हटलं, जरा पलीकडे ठेवा.
त्याने ठेवले.
पुन्हा आला नाही,
आणि मीही बोलावलं नाही.

आज नदीवरून वारा सुटलाय.
तीन काड्या वाया गेल्या.
शेजारच्या थडग्यावरच्या म्हातारीने लायटर पुढे केला.
"भाऊ का?"
दरवर्षी कुणीतरी विचारतं, दरवर्षी मी मान हलवतो.
"नाही," म्हणालो.
ती थांबली. मीही थांबलो.
मग तिने दोन्ही पंजांचा आडोसा केला ज्योतीला,
"धरा की नीट. विझेल."

ती गेल्यावर पाहिलं,
हालिनाचा दिवा विझला होता.
तोही लावला.