मान

लेक अव्हेन्यूवरचं डायनर शनिवारी रात्री आमचंच असतं.
पोलिश हॉलमधल्या कुस्त्या दहाला संपतात,
आणि मग आम्ही सहाजण बुटांवरचा बर्फ झटकत
खांबाआडच्या लांब टेबलाशी.
आधी कॉफी. मग ग्रूबर.

महिनाभर दुसरा विषयच नाही ॲशटब्युलात.
ग्रूबर, वय एकावन्न, खलनायक,
कपाळावर जुन्या टाक्यांची जाळी.
त्यानं टॅनरला खांद्यावरून असा आपटला
की पोराचं मनगट मोडलं.
लुटुपुटूच्या लढाईत
खरं हाड.

डोरोथिया म्हणते, मुद्दाम.
तीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं,
मागच्या बाकावर कोण कोणाला चिमटा काढतंय
ते आरशात ओळखायची.
हरायची पाळी त्याची होती, ती म्हणते,
आत खोलीत खुर्ची फेकली म्हणे,
म्हणाला म्हणे, या पोरट्यापुढे पाठ टेकवणार नाही.

एमेट म्हणतो, पोरगंच उशिरा आलं,
डाव नीट ठरला नव्हता, हवेत अंग आखडलं त्याचं.
लायलच्या मेहुण्याचा मित्र दाराशी तिकिटं फाडतो.
त्यानं स्वतः ऐकलं.
काय ऐकलं?
आवाज. मोठा. दाराआडून.

मी टायरं बदलतो, मला काय कळतं,
तरी म्हणालो:
या धंद्याचा एकच नियम,
ज्याला पाडायचं त्याची मान आपल्या हातात असते,
ती सांभाळायची.
वाक्य मलाच आवडलं, म्हणून पुन्हा म्हणालो.
डोरोथिया म्हणाली, आणि मनगट?

तेवढ्यात दार उघडलं.
टॅनर. कोपरापर्यंत प्लास्टर.
त्याच्यामागे, दार पायानं अडवून धरलेला,
वाचायचा चष्मा कपाळावर चढवलेला
ग्रूबर.

खांबामुळे आम्ही त्यांना दिसलो नाही.
पोरानं पॅनकेक मागवले, डाव्या हातात काटा धरला,
काटा घसरला.
ग्रूबरनं न विचारता ताट स्वतःकडे ओढलं
आणि कापायला लागला.
लहान लहान चौकोन, काठापर्यंत,
जसं कुणाच्या तरी पोरीला कितीदा तरी कापून दिलं असावं.
वरून पाक ओतला. ताट सरकवलं.
पोरगं काहीतरी बोललं आणि ग्रूबर हसला.
एकोणीस वर्षं बघतोय मी त्याला,
त्याचे दात फक्त दुसऱ्याच्या कानाजवळ पाहिलेले.

मग वेट्रेस कॉफी घेऊन आमच्याकडे वळली,
आणि तिच्या मागोमाग त्याची नजर.

क्षणभर काहीच नाही.
मग तो उठला, मिठाची बाटली हातानं उडवली,
गुरगुरला,
आपला कप घेऊन पार टोकाच्या टेबलाशी
पाठ करून बसला.
टॅनरनं कपाळाला आठ्या घातल्या,
चार आठवड्यांचा राग तोंडावर आणला
आणि चौकोन खात राहिला.

आम्ही आपापल्या ताटांत बघत होतो.
डोरोथिया उठली.
हॉलमध्ये पहिल्या रांगेतून ओरडते
त्याच आवाजात ओरडली,
लाज नाही वाटत, म्हाताऱ्या, पोराला मोडतोस?
त्यानं न वळता मूठ उगारली,
आणि ती खाली बसली,
हात थरथरत होते तिचे.
घटकेपूर्वी हेच शब्द वापरले होते तिनं.
तेव्हा तो आरोप होता.
आता त्याचा मान त्याला दिला.

बाहेर गाड्यांच्या काचा खरवडताना
लायल म्हणाला,
शनिवारी आपण इथं असतो हे त्याला ठाऊक आहे.
ते कापणंही ठरवलेलं असेल.
एमेट म्हणाला, कापणं नाही, गुरगुरणं.
पुन्हा सगळं पहिल्यापासून,
सरोवरावरून वारा, नाकं लाल,
म्हणे, म्हणे, म्हणे.

पलीकडे एक जुनी व्हॅन धूर सोडत उभी होती.
टॅनर तिच्याकडे चालत गेला.
शेजारच्या सीटचं दार
आतून कुणीतरी ढकललं.

बघू नका, डोरोथिया म्हणाली.
आम्ही काचा खरवडत राहिलो.