उतार

अण्णा पडले पोळ्याच्या आदल्या दिवशी,
नहाणीत, त्याच शहाबादीवर
जी त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती
एक्क्याऐंशी साली.
खुब्याचं हाड. नांदेडला प्लेट टाकली.
डॉक्टर म्हणाले, उतारवयात जपायला पाहिजे,
बाथरूम बदलून घ्या,
चष्म्याचा नंबर बदला म्हणावं तसं.

जिंतूर रोडच्या दुकानात पोरगा फरशा उभ्या करत गेला:
मॅडम, ही पाय न घसरणारी,
ही संगमरवरासारखी, पण संगमरवर नाही.
मी राखाडी घेतली, मळ दिसू नये म्हणून.
अण्णा म्हणाले, कालव्यातल्या गाळाचा रंग आहे.
नावं ठेवली की पसंती दिली, कळलं नाही.

ख्वाजा मिस्त्री आला, त्याच्यासोबत पिराजी,
आणि एक ब्रेकर, तो लावला की
शेजारच्या लोमट्यांच्या मांडणीतली भांडी वाजायची.
पहिल्या दिवशी बंब निघाला.
दुसऱ्या दिवशी हौदावरून भांडण.
"कामून फोडायलाव? नळ येतो आठव्या दिवशी."
"गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवलीय, अण्णा."
"आन् लाईट गेली की पाणी चढवणार कोण, तू?"
शेवटी हौद अर्धा ठेवला.
आता तो ना हौद आहे, ना कट्टा.
मी त्यावर शॅम्पू ठेवते.

शहाबादी निघता निघेना.
परभणीची काळी माती ही,
पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते,
तिच्यावर चाळीस वर्षं एक फरशी हलली नव्हती.
ख्वाजा उकिडवा बसला, पाण्याची नळी धरली,
दोन्ही टोकं बघितली, परत बघितली.
"देख रे पिराजी. ये उतार कुणी काढला?"
अण्णा दारात खुर्चीवर, पुढ्यात वॉकर.
"मी. डाव्या कालव्यावर ओव्हरसिअर होतो. बावीस वर्षं."
शेवटच्या चारीला पाणी कितीदा पोचलं
ते त्यांनी सांगितलं नाही.
ख्वाजानंही विचारलं नाही.
त्याच्या सासऱ्याचं रान शेवटच्या चारीवर,
हे मला फार नंतर कळलं.

फरशी बसली. स्टीलच्या दांड्या बसल्या.
कमोड इतका पांढरा की
दोन दिवस आम्ही त्याच्याकडे पाहुण्यासारखं बघत होतो.
अण्णांनी लोमट्यांच्या पोराकडून गोटी मागवली, निळी.
म्हणाले, दारापाशी ठेव. ढकलू नको.
गोटी निघाली, दोन फरशा गेली,
आणि थांबली,
साधारण तिथंच, जिथं ते पडले होते.
पिराजी हसला, मग खोकला.
"साब, फरशी मोठी हाय, दोन बाय दोन. उतार घेत नाय."
"ती घेत नाय, का तू देत नाहीस?"

शुक्रवारी नमाजानंतर ख्वाजा एकटाच आला.
नऊ फरशा उचलल्या, दोन चिरल्या,
त्या त्याच्याच खिशातून.
अण्णा खुर्चीतून बोट वरखाली करत होते,
कालव्याच्या पलीकडच्या माणसाला करावं तसं.
"अजून एक सूत. हं. अर्धं."
पैसे घेतले नाहीत. चहा दोनदा घेतला.

सोमवारी पहिली आंघोळ.
दाराला आता कडी नाही, मीच काढायला लावली.
बाहेर पाठ करून उभी राहिले.
स्टूल सरकलं. दांडीवर अंगठी वाजली.
शॉवर आहे, तरी तांब्याच.
पाणी पडलं, गेलं.
मग बराच वेळ काही नाही.
माझा हात दारावर.
मग काहीतरी बारीक घरंगळत गेलं,
न थांबता,
आणि जाळीवर टक्क.
पोराची गोटी परत द्यायची राहूनच गेली होती.

"टॉवेल," अण्णा म्हणाले.