अठ्ठावीस अंशांवर

तार्तूमध्ये डिसेंबरात आठ वाजले
तरी खिडकी काळीच असते.
ऊर्वेबाई चाव्यांचा जुडगा दातांत धरून
बूट बदलतात
(रस्त्याचे वेगळे, प्रयोगशाळेचे वेगळे)
आणि कोट अंगात चढायच्या आधीच
उबवणीयंत्राचा आकडा वाचतात.
सदतीस.
अठ्ठावीसचं कुणीतरी सदतीस करून ठेवलंय.

आत बारा थाळ्या. बाराही पांढऱ्या.

काउर दुसऱ्या वर्षाचा.
दहा दिवस राबला होता लालसाठी,
रानबोरांच्या मुरंब्यासारखा लाल,
जो या जीवाणूंना एरवी
न मागता येतो.
"रंगाचं जनुकच हरवलं," तो म्हणतो,
"टाकून देऊ."
कचऱ्याच्या डब्यावर त्याचा पाय आधीच टेकलेला.

ऊर्वेबाई थाळी दिव्यासमोर धरतात,
अंडं उजेडात पारखावं तशी.
"हरवलं कशाला असेल?
गप्प आहे."

सदतीस म्हणजे अंगातली ऊब.
कुणाच्या तरी पोटात आलो असं वाटलं असेल त्यांना,
काउर म्हणतो.
वाटणं हा शब्द बाईंना चालत नाही.
वाटत नाही त्यांना काही.
ऊब वाढली की कुठलंसं प्रथिन
आपली जागा सोडतं किंवा धरून बसतं,
आणि वाचणारं यंत्र त्या ओळीशी येऊन
पुढे सरकत नाही.
ओळ असते तिथेच.
अक्षर न् अक्षर.
पेशी दुभंगते तेव्हा तीही उतरवली जाते,
न वाचता, पण बिनचूक,
लेकीला, नातीला, रात्रीतून
कितव्या तरी पिढीला.

मग थाळ्यांना नव्या चिठ्ठ्या लावता लावता
बाई वडिलांचं सांगतात.
हेल्दुर, लाकूडकटाईवाला.
वर्षभर घरात "मीठ दे" आणि "दार लाव",
एवढंच.
पण शनिवारी साउनात,
ऐंशी अंशांवर, तिसऱ्या फळीवर,
तापल्या दगडांवर पाणी पडून चर्र झालं की
असे काही किस्से सांगायचे
की शेजारची बायामाणसं
भिंतीला कान लावून बसत.
बाहेर बर्फात आले
की पुन्हा मीठ, पुन्हा दार.

"म्हणजे तसंच," काउर म्हणतो.
"तसंच नाही," बाई म्हणतात.
"यांचं उलट आहे. हे थंडाव्यात उघडतात.
आणि वडिलांना मी कधी
थाळीत घालून पाहिलं नाही."

अकरा थाळ्या खिडकीजवळच्या कपाटात गेल्या.
बारावी सदतीसलाच राहिली, ताडून पाहायला.

दुसऱ्या संध्याकाळी कडेकडेनं गुलाबी.
तिसऱ्या सकाळी
काउर कोट न काढताच कपाटापाशी उभा,
चष्म्यावर वाफ,
आणि बोटांनी मोजतोय:
लाल, लाल, लाल,
दहा.

एक पांढरीच.

चौथ्या दिवशीही पांढरी. आठव्याही.
हिचं मात्र खरंच हरवलं होतं;
ओळच फाटलेली, थंडी कितीही येवो.
काउरनं वहीत 'मृत' लिहिलेलं खोडलं,
वर काय लिहावं ते त्याला सुचेना.

बाईंनी त्यातला एक ठिपका उचलला,
कुपीत घातला, नंबर दिला,
आणि उणे ऐंशीच्या कप्प्यात
लाल भावंडांच्या शेजारी ठेवला.
तिथे सगळेच गप्प असतात.
कोण कशामुळे,
ते बाहेरून कळत नाही.