दोष आढळला नाही

वास कसला होता, विचारतात.
ओल्या मोज्यांचा, मी म्हणाले.
फॉर्मवर त्यांनी लिहिलं : प्रवाशाचे मोजे.
जणू चौदाव्या रांगेत कुणीतरी बूट काढून बसला होता.

उतरायला बावीस मिनिटं होती.
ग्लेन्डा मागे कॉफीचं भांडं धरून उभी,
आणि तिला भांडं हा शब्द आठवेना.
माझी जीभ मलाच नाण्यासारखी लागत होती.
सगळे झोपलेले. एक बाळ तेवढं
हवेकडे बघून रडत होतं.

खाली इंजिनिअर आले, पत्रे उघडले, हुंगले,
इंजिन फिरवून पाहिलं.
दोष आढळला नाही.
संध्याकाळी सहाला तेच विमान दिल्लीला गेलं.

आता मी विट्यात, दोन महिन्यांच्या रजेवर.
मिरजेच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं,
छातीचा फोटो उजेडाला धरला
आणि लग्नाचं विचारलं.

आबा ओट्यावर बसून ऐकतात.
एकतीस वर्षं कोइमतूरच्या बोळात गलाईचं दुकान :
सोनारांच्या केरातून सोनं काढायचं,
तेजाबाचा तांबूस धूर नाकानं प्यायचा.
त्या धुरानंच नाक गेलं. नऊ वर्षं झाली,
अत्तर आणि गटार त्यांना सारखंच.

"रंग कसला होता?"
नव्हता, आबा.
"डोळ्याला पाणी?"
नाही.
"मग घसा तरी?"
थोडासा. पण आधी शब्द गेले.

बराच वेळ ते पायाचं नख बघत राहिले.
"आमचा धूर बरा गं.
येताना दिसायचा. पळून दार गाठता यायचं."
आमच्याकडे दार उघडत नाहीत, मी म्हणाले,
आणि आम्ही दोघं हसलो,
त्यांना खोकला लागेपर्यंत.

मग मधेच मला वाटलं, काहीतरी करपतंय.
खरंच करपतंय का, खात्री नव्हती.
हल्ली कशाचीच नसते.
"आबा, दूध लागलंय."

त्यांनी हुंगून बघितलं नाही.
आईला हाक मारून विचारलं नाही.
गुडघ्यावर हात टेकून उठले,
आत जाऊन गॅस बंद केला,
आणि घरातल्या सगळ्या खिडक्या,
ती गंजून बसलेली मागचीसुद्धा,
एकेक करून उघडत गेले.