डांबरगोळ्या

पगार काका यायच्या आधी वास येतो,
कपाट उघडल्यासारखा.
टाकीत चार डांबरगोळ्या, दर अमावस्येला,
शिवाय पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक,
जुन्या स्पीकरमधून उपसलेलं.
"वणीचा गड थर्डवर चढली!" म्हणतात
आणि एट हंड्रेडच्या बॉनेटवर थाप मारतात,
म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

मी प्लग काढतो. नुसती काजळी.
सातपूरला तीस वर्षं हात काळे केलेत,
पण ह्यांना सांगायचं कसं,
गाडी चढली, कारण मागच्या सीटवर
या वेळी कोणी नव्हतं.
काकू असताना सेकंडवरच रडायची,
डब्यासकट, पाण्याच्या कॅनसकट,
आणि वळणावर काकू विचारायच्या,
उतरू का मी?

प्लग घासून बसवला. सेल मारला.
इंजिन खोकलं, मग लागलं.
"बघ, गोळ्यांचा गुण."
"गुण आहेच की," म्हणालो,
आणि पैसे घेतले फक्त प्लग घासल्याचे.

जाताना खिशातून दोन गोळ्या काढून
त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या, प्रसादासारख्या.
ड्रॉवरमध्ये आहेत अजून.
पान्यांना तेव्हापासून
काही कसर लागलेली नाही.